पेटीतले कपडे देण्याआधी

कोकणात पाऊस चार महिने पडतो, पण त्याचा वास पेटीतल्या कपड्यांना वर्षभर सोडत नाही. आमचे घर रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीच्या काठावर आहे. जून ते सप्टेंबर भिंतींना ओल असते, मीठ पाझरते आणि माळ्यावरच्या पेटीत ठेवलेल्या कपड्यांना कुबट वास धरतो. हे इतके नेहमीचे आहे की त्याबद्दल लिहावे असे आम्हा जावांना कधी वाटले नव्हते. सासूबाईंच्या इन्तिकालनंतर त्यांच्या पत्र्याच्या दोन पेट्या उघडायची वेळ आली, तेव्हा मात्र या वासाचा नीट विचार करावा लागला.

पेट्यांत सुती साड्या होत्या, दोन जरीचे शालू होते, ओढण्या, जानमाज, आखातातून आलेली जाड ब्लँकेटे आणि नातवंडांची झबली-टोपडी होती. मयताच्या मालकीची सुईसुद्धा तरक्यात धरली जाते. वारसांच्या संमतीशिवाय त्यातले काही परस्पर देता येत नाही. म्हणून आधी कुवेतला असलेल्या दीरांना आणि मुंबईच्या दोन्ही नणंदांना फोन झाले. वारस सगळे सज्ञान होते. आठवणीपुरते ठेवून बाकीचे गरजू घरांना सदका म्हणून द्यावे, असे सर्वांच्या संमतीने ठरले.

मग प्रश्न आला वासाचा. घरातल्याच काहींचे म्हणणे पडले, ‘जुनेच कपडे आहेत, घेणारे धुऊन घेतील.’ आम्हाला ते पटले नाही. ज्या घरात एकच खोली आहे, पाणी डोक्यावरून आणावे लागते आणि वाळत घालायला एक दोरी आहे, त्या घराने वीस साड्या धुवायच्या कुठे आणि वाळवायच्या कुठे? आमच्याकडे विहीर आहे, अंगण आहे, तीन जावांचे सहा हात आहेत. वास काढण्याचे कष्ट देणाऱ्याचे आहेत. कुबट कपडा हातात ठेवला की घेणाऱ्याला तो कपडा मिळण्याआधी आपली पायरी कळते. असे देणे न दिलेलेच बरे.

कुबट वास म्हणजे बहुतेक वेळा बुरशी. तिला ओल लागते आणि खायला काहीतरी लागते. साडीची खळ, घामाचे डाग, सांडलेल्या जेवणाचा अंश, एवढे तिला पुरते. म्हणून वरून अत्तर लावून किंवा ऊद-लोबानची धुरी देऊन वास जात नाही, तो झाकला जातो. दमट संध्याकाळी पुन्हा वर येतो. अत्तराचे रेशमावर डाग पडतात ते वेगळेच. धुरी द्यावी, पण स्वच्छ आणि कडकडीत वाळलेल्या कपड्याला.

आम्ही पावसाळा सरल्यावर ऑक्टोबरच्या उन्हात काम काढले. पेट्या अंगणात उघडल्या आणि नाकातोंडाला फडके बांधले. दम्याचा त्रास असलेल्या धाकट्या जाऊबाईंना झटकण्याच्या कामापासून लांब ठेवले, कारण बुरशीची धूळ छातीला त्रास देते. कपडे आधी बाहेरच झटकले, पांढरट ठिपके कोरड्या ब्रशने काढले आणि दोन दिवस वारा दिला. हलका वास एवढ्यानेच गेला.

उरलेल्या सुती कपड्यांसाठी अर्ध्या बादली पाण्यात एक कप पांढरे व्हिनेगर घातले. रंग जातो का हे पदराच्या आतल्या कोपऱ्यावर पाहून कपडे अर्धा तास भिजवले, मग नेहमीसारखे साबणाने धुतले. व्हिनेगरचा वास वाळताना उडून जातो. खाण्याचा सोडा वापरायचा तर वेगळ्या पाण्यात वापरावा. दोन्ही एकत्र केले तर एकमेकांचा गुण मारतात. आणि व्हिनेगर ब्लीचिंगच्या द्रवात कधीही मिसळू नये, त्यातून विषारी वायू निघतो.

शालूंना पाणी लावले नाही. ते सावलीत, वाऱ्यावर ठेवले, कारण कडक उन्हात रेशमाचा रंग उतरतो. नंतर मोठ्या डब्यात सोड्याची उघडी वाटी ठेवून, कपड्याला ती लागणार नाही अशा बेताने, चार दिवस झाकण बंद केले. मग जुनी घडी मोडून नव्या ठिकाणी घडी घातली आणि पांढऱ्या मलमलमध्ये गुंडाळले. ब्लँकेटांना दोन्ही बाजूंनी तीन-तीन दिवस ऊन दिले.

झबल्यांबाबत एक गोष्ट प्रत्येक घराने लक्षात ठेवावी. पेटीत डांबराच्या गोळ्या होत्या. या गोळ्यांतल्या नॅफ्थॅलीनची वाफ कपड्यात मुरते. काही बाळांच्या रक्तात जन्मतःच जी-सिक्स-पीडी नावाचे द्रव्य कमी असते. गोळ्यांत ठेवलेले कपडे अशा बाळाला घातले तर रक्तपेशी फुटून गंभीर कावीळ होऊ शकते. आपल्या बाळाला हा दोष आहे की नाही, हे तपासणीशिवाय कळत नाही. म्हणून ती झबली आम्ही कोणाला दिली नाहीत, फडकी म्हणूनही ठेवली नाहीत. गोळ्याही काढून टाकल्या. आता आम्ही वेखंडाच्या आणि लवंगांच्या पुरचुंड्या ठेवतो.

वास गेला का, हे स्वतःच्या नाकाला विचारून उपयोग नसतो. दिवसभर त्यात वावरल्यावर नाक त्याला सरावते. आम्ही शाळेतून आलेल्या मुलांना हुंगायला लावले. मुले भीड ठेवत नाहीत. त्यांनी बाजूला काढलेल्या तीन साड्या पुन्हा धुतल्या.

एक ओढणी मात्र धुतली नाही. थोरल्या नणंदबाईंनी फोनवर सांगितले होते, ‘भाभी, अम्मीची नमाजची ओढणी तशीच ठेवा.’ तिच्यात अत्तर होते, थोडा कुबटपणाही होता. आम्ही ती फक्त सावलीत वाळवली आणि कोरड्या मलमलमध्ये बांधून मुंबईला पाठवली. कोणता वास काढायचा आणि कोणता ठेवायचा, हे त्या कपड्यावर ज्याचा हक्क आहे त्याने ठरवावे.

बाकीच्या साड्यांना इस्त्री केली. इस्त्रीची ऊब पूर्ण गेल्यावरच घड्या घातल्या, नाहीतर घडीत पुन्हा ओल धरते. प्लॅस्टिकच्या पिशव्या टाळल्या आणि कापडी पिशव्या शिवल्या. आता आमच्या पेट्या वर्षातून दोनदा उघडतात, मे महिन्यात पावसाआधी आणि ऑक्टोबरमध्ये पावसानंतर. प्रत्येक वेळी जे दोन वर्षे वापरले नाही ते बाजूला निघते. कपडा पेटीत कुबट होण्याआधीच कोणाच्या तरी अंगावर गेला, तर व्हिनेगरचीही गरज पडत नाही.