जिथे तापतं, तिथे डाग नको

सोल्डरचा डाग वीज वाहून न्यायला असतो. वजन पेलायला नाही, आणि उष्णता सोसायला तर मुळीच नाही. पनवेलमध्ये दुरुस्तीचं दुकान चालवताना हे मी मिक्सर घेऊन येणाऱ्या काकूंना सांगतो, लाँड्रीवाल्याला सांगतो आणि अलीकडे खिशातून हळूच छोटीशी नळी काढणाऱ्या कॉलेजच्या पोरांनाही सांगतो.

ती नळी म्हणजे ई-सिगारेट. ‘दादा, आतली कॉइल गेलीये, दुसरी तार टाकून फक्त डाग मारून द्या.’ मी हात लावत नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये वटहुकूम निघाला, डिसेंबरात त्याचा कायदा झाला. बनवणं, विकणं, साठा करणं, जाहिरात करणं, सगळ्यावर बंदी. बनवल्या-विकल्याच्या पहिल्याच गुन्ह्याला वर्षभरापर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. पण कायदा ऐकून पोरं नुसती हसतात. तापमान सांगितलं की गप्प होतात.

शुद्ध कथील २३२ अंशांना वितळतं, शिसं ३२७ ला. ६३ भाग कथील आणि ३७ भाग शिसं एकत्र केलं की मिश्रण १८३ लाच पातळ होतं, दोघांच्याही आधी. म्हणून तर ते आमच्या कामाचं. बिनशिशाचं, कथील-चांदी-तांब्याचं सोल्डर फार तर २२० पर्यंत तग धरतं. आणि तार अंधारात जेमतेम लाल दिसू लागते तेव्हाच ती पाचशे अंशांच्या पुढे गेलेली असते. नळीतला द्रव संपत आला, कापूस सुकला, की कॉइलला थंड ठेवणारं काही उरत नाही. तिथे डाग असेल तर तो वितळणार, आणि बसलाय कुठे, तर ओढलेल्या श्वासाच्या वाटेवर. कंपन्यांनी बनवलेल्या वस्तूही यातून सुटलेल्या नाहीत. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये ५६ जणांची उपकरणं तपासली. बाटलीतल्या द्रवापेक्षा कॉइलवरून गेलेल्या वाफेत शिसं, निकेल, क्रोमियम जास्त निघालं.

शिसं आपल्याला नवं नाही. कल्हईवाला भांडं तापवून नवसागर टाकायचा आणि कथील फिरवायचा. महाग कथिलात स्वस्त शिसं मिसळणारेही होते, म्हणून जाणत्या बायका कल्हई कोणाकडून करायची ते ठरवून असत. दुकानात मात्र लोक धुराला घाबरतात आणि बोटांना विसरतात. साडेतीनशे अंशांच्या सोल्डरिंग आयर्नवर दिसणारा धूर राळेचा, म्हणजे रोझिनचा. तो दम्याला वाईट, पंखा लावून बाहेर काढावा. शिसं पोटात जातं ते सोल्डर धरलेल्या हातानेच वडापाव खाल्ल्यावर.

मुळात हीटरची तार डाग घेतच नाही. नायक्रोम म्हणजे निकेल आणि क्रोमियम. तापल्यावर त्यावर क्रोमियम ऑक्साइडचा पातळ थर धरतो आणि तोच तिला जळू देत नाही. रोझिन त्या थराला हरतं, सोल्डरचे थेंब मण्यांसारखे घरंगळतात. जुनी इस्त्री उघडून बघा. अभ्रकावर गुंडाळलेली पट्टी, टोकं स्क्रूखाली दाबलेली, जोडणीच्या तारेवर पोर्सेलीनचे मणी. सोल्डर औषधालाही नाही. ज्याने ती बनवली त्याला हे ठाऊक होतं. जुगाडवाले तिथे जीआय तार घालतात, ते तर आणखी वाईट. तिच्यावर जस्त असतं. खूप तापलं की जस्ताचा धूर होतो आणि तो हुंगणाऱ्याला रात्री थंडी वाजून ताप भरतो.

साध्या वायरीचंही असंच. जुने दुकानदार अजून ‘२३/७६’ मागतात, म्हणजे २३ बारीक तारा, प्रत्येकी ०.००७६ इंच जाडीची. हजार वॅटच्या इस्त्रीला सव्वाचार अँपिअर लागतात, तेवढे ती पेलते. तशाच वायरीच्या एक्स्टेंशनवर दोन हजार वॅटचा पाण्याचा रॉड लावला की पावणेनऊ, आणि वायर तापते. तिच्यावरचं साधं पीव्हीसी सत्तर अंशांपर्यंतचं, पुढे मऊ पडतं. मुंबईच्या लोहार चाळीतून स्वस्तात बंडल आणलं असेल तर एक तार ब्लेडने खरवडा. आत पांढरं दिसलं तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. मी ते परत करायला लावतो, भांडण झालं तरी.

आणि आकाशकंदील. हौशी माणूस वायरीच्या टोकांना छान सोल्डर पाजतो आणि होल्डरच्या स्क्रूखाली घट्ट आवळतो. दिसायला सुबक काम! पण सोल्डर मऊ. दाबाखाली हळूहळू पसरतं, स्क्रू सैल होतो, सांधा तापतो, होल्डर आतून काळा पडतो. एलईडीच्या दिव्याला चालून जातं, शंभर वॅटच्या जुन्या बल्बला नाही. तेवढं टोक कापून टाका, उघड्या तारा पिळून दाबा, नाहीतर थिंबल लावा. थिंबल लावून घ्यायची असेल तर वसुबारसेच्या आधी या, नंतर मला फुरसत नसते.