उंबऱ्याभोवतीची रेषा

माझी आई पाथर्डी तालुक्यातल्या आमच्या गावी धाकट्या भावाकडे राहते. २०२४च्या दिवाळीला मी गावी गेलो, तिचे दुखणे निघाले म्हणून राहिलो, आणि विधानसभेची निवडणूक त्यामुळे ओसरीवर बसून पाहायला मिळाली. तेव्हा आई ८८ वर्षांची होती. एके सकाळी एक तरुण कार्यकर्ता आला. चहा झाला, तब्येतीची विचारपूस झाली. मग उठता उठता तो म्हणाला, “आजी, परवा तुमच्याकडं मतदानाचं पथक येणारे. दुपार होईल, आधी वरच्या आळीतली दोन घरं हायेत. चिन्ह तेवढं ध्यानात असू द्या.”

पथक परवा येणार, हे तोवर आम्हालाही ठाऊक नव्हते. आम्हाला निरोप मिळाला तो संध्याकाळी. दुसऱ्या दिवशी समोरच्या पक्षाचा माणूस आला. त्याच्या खिशात तर घडी घातलेला कागदच होता. आईचे नाव, वय, यादीतला अनुक्रमांक, सारे त्यावर होते.

यादी फुटली, असे मला वाटले आणि मी संतापलो. चौकशीअंती कळले ते अधिक अस्वस्थ करणारे होते. यादी फुटलेली नव्हती. ती रीतसर दिलेली होती.

२०१९मध्ये निवडणूक नियमांत दुरुस्ती होऊन ‘अनुपस्थित मतदार’ असा एक वर्ग निर्माण झाला. वृद्धांना आणि ४० टक्के वा अधिक अपंगत्व असलेल्यांना घरबसल्या टपाली मतपत्रिकेवर मत देता येऊ लागले. वयाची अट प्रथम ८० होती. २०२४च्या लोकसभेपूर्वी ती ८५ करण्यात आली. निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत नमुना १२-ड भरून द्यायचा, मग ठरल्या दिवशी कर्मचारी, पोलीस आणि चित्रीकरण करणारा असे पथक घरी येते. अर्ज मंजूर झालेल्यांची यादी उमेदवारांना दिली जाते, आणि पथकाच्या फेरीचे वेळापत्रकही कळवले जाते. हेतू असा, की उमेदवाराच्या प्रतिनिधीला हवे तर सोबत जाऊन सारे नीट चालले आहे ना, हे पाहता यावे.

हेतूत खोट काढणे कठीण आहे. अंथरुणाला खिळलेली म्हातारी, चार परके लोक आणि एक कोरी मतपत्रिका. तिथे उमेदवाराचा डोळा नको, असे कोण म्हणेल? मतदान केंद्रावरही हेच तत्त्व आहे. ज्यांना टपाली मतपत्रिका दिली गेली त्यांच्या नावापुढे यादीच्या प्रतीत तशी खूण असते, आणि मतदान सुरू होण्यापूर्वी केंद्राध्यक्षाला ती प्रत मतदान प्रतिनिधींना दाखवावी लागते. एकाच माणसाने दोनदा मत देऊ नये, यासाठी कोणाचे मत टपालाने गेले हे सर्वांना कळणे आवश्यकच आहे. आणि ही मते आता किरकोळ राहिलेली नाहीत. २०२४च्या लोकसभेत मुंबई वायव्य मतदारसंघात यंत्रांवरच्या मोजणीत अमोल कीर्तिकर एका मताने पुढे होते; टपाली मते धरल्यावर रवींद्र वायकर ४८ मतांनी निवडून आले. आमच्याच जिल्ह्यात, त्या नोव्हेंबरात, कर्जत-जामखेडचा निकाल अवघ्या १,२४३ मतांनी लागला. अशा लढतीत पंच्याऐंशी ओलांडलेल्या माणसांची यादी कोणता उमेदवार कपाटात ठेवून देईल?

अडचण यादीत नाही, वेळेत आहे. केंद्रावर मतदानाच्या दिवशी शंभर मीटरच्या आत प्रचार करता येत नाही. चुन्याची ती पांढरी रेषा आपण सर्वांनी ओलांडली आहे. मतदान संपण्यापूर्वीचे ४८ तास जाहीर प्रचार बंद असतो. घरचे मतदान मात्र त्याच्याही आधी, ऐन धुमाळीत उरकले जाते. त्या दिवशी सभा चालू असतात, कर्णे वाजत असतात, आणि उंबऱ्याभोवती रेषा मारायला कोणी येत नाही. देखरेखीसाठी दिलेला कागद त्यामुळे सहजच दारोदार फिरण्याचा कागद होतो. त्यात कोणी कायदा मोडला असेही म्हणता येत नाही. चहा पिणे हा गुन्हा नव्हे.

हे मी इतक्या तावातावाने लिहितो आहे, त्यामागे एक जुनी गोष्ट आहे. ती आजवर मी कोणाला सांगितलेली नाही.

नव्वदच्या दशकात मी नुकताच शिक्षक झालो होतो. निवडणुकीचे काम लागले, म्हणून टपाली मतपत्रिका आली. त्या काळी ती घरी किंवा शाळेत पडून असे. प्रतिज्ञापत्रावर राजपत्रित अधिकाऱ्याची सही घ्यायची, मतपत्रिका आतल्या लिफाफ्यात, तो आणि प्रतिज्ञापत्र बाहेरच्या लिफाफ्यात. दोन लिफाफ्यांची ही योजना फार शहाणपणाची आहे. मोजणीच्या वेळी आधी प्रतिज्ञापत्र तपासायचे, ते बाजूला ठेवायचे, आणि मगच आतला लिफाफा उघडायचा. म्हणजे नाव आणि मत यांची गाठ पडत नाही. आमच्या संस्थेतल्या एका वजनदार गृहस्थांना कोणाला मतपत्रिका आली हे जाणण्यासाठी कसल्याही यादीची गरज नव्हती. कामाचे आदेश शाळेच्या पत्त्यावरच येत. त्यांनी एका दुपारी आम्हा तरुणांना बोलावून घेतले. “सगळे लिफाफे एकदमच पाठवू, तुम्ही कशाला हेलपाटे घालता?” एवढेच म्हणाले. माझी नोकरी कायम व्हायची होती. मी लिफाफा दिला, आणि उघडा दिला.

२०२३मध्ये नियम बदलले. निवडणूक कर्मचाऱ्यांनी मतपत्रिका जवळ न बाळगता सुविधा केंद्रावरच मत द्यावे, असे ठरले. बातमी वाचली तेव्हा मी निवृत्त झालो होतो. बरे वाटले, आणि उशीर झाला असेही वाटले.

दाराबाहेर पाहिले तर आणखी एक गोष्ट दिसत होती. दिवाळी होताच आमच्या गावातल्या कितीतरी घरांना कुलपे लागली होती. कोयते बांधून माणसे पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या कारखान्यांवर ऊसतोडीला गेली होती. मतदान २० नोव्हेंबरला. शब्दशः अनुपस्थित ते हेच मतदार, पण कायद्याच्या ‘अनुपस्थित’ वर्गात त्यांना जागा नाही, आणि त्यांच्यासाठी टपाली मतपत्रिकाही नाही. त्यांची यादी निघते ती मुकादमाच्या वहीत, घेतलेल्या उचलीच्या आकड्यासमोर. त्यांना मतासाठी गावी आणायचे ठरले की बोलणी त्या वहीवरून होतात. आईच्या यादीची नक्कल निदान सर्व उमेदवारांना सारखी मिळाली होती, आणि ती कोणी, कशासाठी दिली हे विचारता येत होते. त्या वहीबद्दल विचारायचे कोणाला?

म्हणून यादी देऊच नये, असे मला म्हणवत नाही. झाकलेल्या यादीची सत्ता कशी असते, हे मी शाळेत पाहिले आहे. जिथे प्रचार चालणार नाही अशी थोडी जागा आणि थोडा वेळ मात्र त्या ओसरीलाही मिळायला हवा.

तिसऱ्या दिवशी दुपारी पथक आले. दोन्ही पक्षांची माणसे अंगणात लिंबाखाली उभी राहिली. पथकाने खाटेशेजारच्या स्टुलावर पुठ्ठ्याचा आडोसा उभा केला. आईची नजर अधू आहे. अशा मतदाराला आपल्या पसंतीच्या प्रौढ व्यक्तीची मदत घेता येते, असे त्यांनी समजावून सांगितले. मी पुढे सरलो. हे काम माझेच, हे मी गृहीत धरले होते. तिचे मत कोणाला हेही.

“तू बी भाईर जा,” आई म्हणाली.

मी अंगणात जाऊन त्या दोघांच्या शेजारी उभा राहिलो. आत बराच वेळ लागला. मग प्रतिज्ञापत्रावर तिचा अंगठा घेतला गेला, लिफाफे बंद झाले, पथक पुढच्या घराकडे वळले. अंगणातली माणसेही त्यांच्यामागून गेली.

रात्री जेवताना मी हसत हसत विचारले, कोणाला दिलेस? तिने भाकरीचा तुकडा मोडला आणि म्हणाली, “त्यांच्या कागदावर माझं नाव व्हतं ना? तेवढं पुरे त्यांना. अन् तुलाबी.”