माथेरानची वाट आणि न सांगितलेली भूक

दर वर्षी नोव्हेंबर उजाडला की मुलुंडच्या माझ्या दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. रक्तदाब तपासून झाला, गोळ्या लिहून झाल्या, की सोबत आलेला मुलगा किंवा सून खुर्ची थोडी पुढे ओढून विचारते, "डॉक्टर, यांना चार दिवस कुठे फिरायला नेलं तर चालेल का?" ज्यांच्याविषयी हा प्रश्न असतो ते वृद्ध गृहस्थ किंवा बाई शेजारीच बसलेल्या असतात. त्यांना मात्र कोणी काही विचारत नाही. कित्येक वर्षे मीही विचारत नसे. नाडी, साखर आणि गुडघे पाहून 'न्या' किंवा 'नको' असे सांगून मोकळी होत असे. ही सवय मोडायला माझ्याच आईवडिलांबरोबरची एक सहल कारणीभूत ठरली.

काही वर्षांपूर्वीच्या डिसेंबरातील ही गोष्ट आहे. बाबांना तेव्हा नुकतेच ऐंशीवे सरले होते. वीस वर्षांचा मधुमेह, त्यासाठी सकाळच्या न्याहारीबरोबर ग्लिमेपिराइडची गोळी, शिवाय रक्तदाबाचे औषध. आई पंचाहत्तरीची, तिचे गुडघे कुरकुरणारे, पण बाकी प्रकृती ठणठणीत. घाटकोपरच्या त्यांच्या इमारतीतून बाबांचे बाहेर पडणे हळूहळू कमी होत चालले होते. पदपथ उखडलेले, मागून येणाऱ्या दुचाकींची धास्ती आणि "कशाला उगाच" हे आम्हा सर्वांचेच पालुपद. कुठे जावेसे वाटते, असे मी सहज विचारले तेव्हा ते म्हणाले, "माथेरानला. पण हॉटेलात नको. पूर्वी जायचो तसं."

'पूर्वी जायचो तसं' म्हणजे हवापालटाला. मे महिन्यात ट्रंका, वळकट्या, स्टोव्ह आणि शिधा घेऊन मुंबईची कुटुंबे डोंगरावर जात, बंगल्याचा एखादा भाग भाड्याने घेत आणि स्वतःच्या हाताने रांधून जेवत. बाबांच्या बालपणाचा तो ठेवा होता. माथेरानचे आणि मुंबईचे नातेही जुनेच. १८५० साली ठाण्याचे तत्कालीन जिल्हाधिकारी ह्यू मॅलेट या डोंगरावर चढून गेले आणि त्यानंतर तेथे वस्ती वाढू लागली. पुढे पीरभॉय कुटुंबाने नेरळहून दोन फूट रुंदीच्या रुळांची छोटी रेल्वे डोंगरावर नेली. ती १९०७ साली सुरू झाली. समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवरच्या या गावाचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य म्हणजे रुग्णवाहिकेसारखा अपवाद वगळता तेथे मोटारी चालत नाहीत. आपली गाडी दस्तुरी नाक्याला ठेवायची आणि पुढे रुळांवरून, घोड्यावरून किंवा पायी जायचे. भोवती गजबजाटाचा समुद्र आणि मध्ये हे बिनमोटारीचे बेट. ज्या वृद्धांना शहरात चालण्याची भीती वाटते, त्यांच्यासाठी मागून काहीही अंगावर येणार नाही ही खात्रीच अर्धे औषध असते.

आम्ही तिघे अमन लॉजहून छोट्या गाडीने बाजारापर्यंत गेलो आणि झाडीतल्या एका जुन्या बंगल्याच्या दोन खोल्या व स्वयंपाकघर चार दिवसांसाठी घेतले. आईने घरून तांदूळ, मुगाची डाळ, ज्वारीचे पीठ, पोहे, गोडा मसाला आणि कुकर आणला होता. स्वतः रांधण्याचा निर्णय मला डॉक्टर म्हणूनही पसंत होता. बाहेरच्या जेवणात मीठ आणि तेल किती पडते यावर आपला ताबा नसतो. घरचे अन्न रक्तदाब, मधुमेह आणि वयोमानाने हळवे झालेले पोट या तिन्हींना मानवते. आईच्या दृष्टीने तर तो मानाचा प्रश्न होता. सहलीत वृद्ध स्त्रीला 'तू फक्त आराम कर' असे सांगणे म्हणजे पुष्कळदा तिला बाजूला बसवणे असते. पहिल्या संध्याकाळी बाजारातून मेथीची जुडी घासाघीस करून आणताना आईचा चेहरा मी पुष्कळ दिवसांनी इतका खुललेला पाहिला.

पहिले दोन दिवस फार सुखाचे गेले. लाल मातीच्या वाटा, जांभळाच्या झाडांची गर्द सावली आणि बाबांचे थांबत थांबत चालणे. दुसऱ्या दिवशी एक लहानसा प्रसंग घडला, तो तेव्हा विनोदी वाटला होता. आईच्या हातातील खाऊची पिशवी एका माकडाने हिसकावली आणि आमची फळे व बिस्किटे झाडावर गेली. आम्ही पोट धरून हसलो. मी लगेच फर्मान काढले, "उद्यापासून खायचं काही बरोबर घ्यायचं नाही."

तिसऱ्या दिवसाचे वेळापत्रक मी आदल्या रात्रीच कागदावर मांडले होते. शार्लोट तलाव, पिसारनाथाचे देऊळ, एको पॉइंट, तेथून लुईझा पॉइंट आणि साडेबाराला घरी. बाबांनी सकाळी गोळी घेतली, थोडे पोहे खाल्ले आणि नऊला आम्ही निघालो. तलाव झाला, देऊळ झाले. एको पॉइंटवर मी छायाचित्रांत रमले. लुईझा पॉइंटवरून समोरचा प्रबळगड दिसू लागला तेव्हा बारा वाजून गेले होते. एव्हाना बाबा गप्प झाले होते. मी त्याचा अर्थ 'दृश्यात रंगले आहेत' असा लावला.

परतताना एका घोडेवाल्याने नेहमीप्रमाणे विचारले, "आजोबा, घोडा देऊ का?" बाबा त्याच्यावर इतक्या जोराने खेकसले की तो बिचारा दोन पावले मागे सरला. आई तत्काळ थांबली.

"अगं, हे असं कुणाला बोलत नाहीत. यांना भूक लागलीय."

"आई, पोचतोच आपण अर्ध्या तासात. गेल्या गेल्या कुकर लाव."

हे माझेच उत्तर. आजही ते आठवले की ओशाळायला होते. पुढे पन्नास पावलांवर बाबा एका जांभ्या दगडावर बसले. डिसेंबरचा गार वारा वाहत होता आणि त्यांच्या सदऱ्याची पाठ घामाने भिजली होती. हाताला सूक्ष्म कंप होता. त्यांनी माझ्याकडे पाहून विचारले, "आपली लोकल किती वाजताची आहे?"

त्या क्षणी मला सारे उमगले. बाबांची साखर उतरली होती. माझ्या पिशवीत रक्तदाब मोजण्याचे यंत्र होते, वेदनाशामक होते, पट्ट्या होत्या. साखर मोजण्याचे यंत्र मात्र बंगल्यावर होते आणि खाण्याचा एक कणही जवळ नव्हता. वळणावर एक बाई लिंबू सरबत विकत बसली होती. मी धावत गेले. "मावशी, आधी नुसती साखर पाण्यात घालून द्या, तीन चमचे." त्यांनी काही न विचारता पेला भरला आणि माझ्याबरोबर स्वतःही आल्या. बाबा शुद्धीवर होते, गिळू शकत होते, म्हणून त्यांना ते पाणी घोटाघोटाने पाजता आले. पंधरा मिनिटांनी तितकेच पुन्हा दिले. हळूहळू घाम ओसरला, नजर स्थिरावली. मग त्यांनीच त्या मावशींना म्हटले, "तुमचं सरबत छान आहे हो," आणि आईच्या डोळ्यांतून पाणी आले.

तेव्हा गावात हातरिक्षा होत्या. (माणसांनी ओढायच्या या रिक्षा बंद कराव्यात, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने पुढे २०२५ साली दिला.) अशाच एका रिक्षातून आम्ही बाबांना बंगल्यावर आणले. दुसऱ्या माणसाने आपल्याला ओढावे याचा त्यांना साखर उतरण्यापेक्षाही अधिक संकोच वाटत होता. घरी साखर मोजली तेव्हा ती ११० पर्यंत वर आली होती. आईने तोवर वरणभात शिजवला होता.

घडले ते का घडले, हे प्रत्येक काळजीवाहकाने समजून घेण्याजोगे आहे. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या स्वादुपिंडाला अधिक इन्शुलिन सोडायला लावतात. तुम्ही जेवलात की नाही याची त्या वाट पाहत नाहीत. चालताना स्नायू रक्तातली साखर वेगाने वापरतात. घरी दिवसाकाठी हजारभर पावले चालणारा माणूस येथे सकाळीच चार-पाच किलोमीटर चालला, न्याहारी रोजच्यापेक्षा कमी झाली आणि जेवण लांबले. तिन्ही गोष्टी एकाच दिशेने गेल्या. त्यात स्वतः रांधण्याच्या सहलीतला एक बारकावा होता, जो माझ्या ध्यानातच आला नव्हता. हॉटेलात परतल्यावर ताट तयार असते. येथे परतल्यावर कुकर लावायचा असतो. साडेबाराला पोहोचणे म्हणजे साडेबाराला जेवणे नव्हे.

वृद्धांमध्ये साखर उतरल्याची लक्षणे पुस्तकातल्यासारखी दिसतीलच असे नाही. अकारण चिडचिड, गप्प होणे, असंबद्ध बोलणे, तोल जाणे, थंडीतही घाम येणे, यांपैकी एखादेच लक्षण दिसते आणि आपण त्याला थकवा किंवा 'वयाचा हट्ट' म्हणतो. रक्तदाबाची काही औषधे, विशेषतः बीटा ब्लॉकर, छातीतली धडधड आणि कंप झाकून टाकतात. घाम मात्र बहुधा येतोच. मोजलेली साखर ७० च्या खाली असेल, किंवा मोजण्याची सोय नसून शंका असेल, तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी सुधारणा नसल्यास पुन्हा द्यावी. अशा वेळी शेंगदाण्याचा लाडू किंवा चॉकलेट कामाचे नाही, कारण त्यातील स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. बरे वाटताच भात-पोळीसारखे जेवण द्यावे. या गोळ्यांचा परिणाम दीर्घकाळ टिकतो, मूत्रपिंड दुबळे असल्यास अधिकच. म्हणून साखर पुन्हा उतरू शकते आणि तो सबंध दिवस लक्ष ठेवावे लागते. व्यक्ती बेशुद्ध असेल किंवा नीट गिळू शकत नसेल तर तोंडात काहीही घालू नये. तातडीने रुग्णालय गाठावे.

हे सारे मला ठाऊक होते. रोज इतरांना सांगतही होते. मग चुकले कुठे? त्याचे उत्तर रात्री बाबांनी दिले. ओसरीवर शाल पांघरून बसलेले असताना ते सहज म्हणाले, "दहा-साडेदहापासूनच पोटात खड्डा पडल्यासारखं वाटत होतं."

"मग बोलला का नाहीत, बाबा?"

"तू होतीस ना बरोबर. तू डॉक्टर. मला वाटलं, काही असतं तर तुला कळलंच असतं."

यावर मला काही बोलता येईना. घरात डॉक्टर असली की माणसे स्वतःच्या शरीराचे ऐकणे सोडून देतात. आणि हे डॉक्टरांच्याच घरी घडते असे नाही. जेथे जेथे एखादे मूल फार काळजी घेते, गोळ्यांचे डबे भरते, वेळा ठरवते, तेथे वडीलधारी माणसे भूक, लघवीची निकड, गुडघ्याची कळ हे सारे गिळून आज्ञाधारक होतात. आपल्यामुळे मुलांची सहल बिघडू नये ही त्यामागची माया. काळजी घेता घेता आपण त्यांच्या तोंडून तक्रारीचा शब्दही काढून घेतो, हे ध्यानात येत नाही. त्या दिवशी बाबांची खरी अवस्था ओळखली ती आईने, स्वभावातल्या एका वेगळ्या सुरावरून. आणि मी तिलाही गप्प केले होते.

रात्रीच मी बाबांच्या मधुमेहतज्ज्ञांशी दूरध्वनीवर बोलले. त्यांनी सहलीपुरती गोळी निम्मी करायला सांगितली. वाचकांनी असा बदल आपल्या मनाने करू नये. पण प्रवासाला निघण्यापूर्वी 'रोजच्यापेक्षा जास्त चालणार आहोत, औषधाचे काय करावे?' हा प्रश्न आपल्या डॉक्टरांना अवश्य विचारावा. तो मी स्वतःला विचारला नव्हता.

माझे मन लगेच मुंबईला परतायचे म्हणत होते. बाबांनी ठाम नकार दिला. "एक दिवस उरलाय, तो मी ठरवणार." चौथ्या दिवशी आईने निघण्यापूर्वीच भाजी करून ठेवली, कणीक मळली. साखरेची पुडी माझ्या खिशात होती, घट्ट झाकणाचा डबा माकडांना दिसणार नाही असा पाठपिशवीच्या तळाशी होता, आणि यंत्रही बरोबर होते. बाबांना एकही पॉइंट पाहायचा नव्हता. त्यांना बाजारात जाऊन बसायचे होते. उतारावर लाल खडी पायाखाली सरकते, म्हणून त्यांनी काठी घेतली, आईने माझा हात धरला. साडेदहाला मी विचारले, "बाबा, काय वाटतंय?" ते क्षणभर थांबले, खरोखर विचार केला आणि म्हणाले, "आत्ता काही नाही. पण अर्ध्या तासात खाईन काहीतरी."

बाजारातल्या बाकावर आईच्या डब्यातली थालीपिठे खात त्यांनी आम्हाला भाई कोतवालांची हकिगत सांगितली. याच माथेरानात १९१२ साली जन्मलेला, वकील झालेला आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर इंग्रजांच्या गोळीला बळी पडलेला हा तरुण. बाबांनी ही हकिगत लहानपणी येथेच ऐकली होती आणि माथेरानला यायचे ते त्या आठवणीसाठीही. माझ्या कागदावरच्या वेळापत्रकात तिला जागाच नव्हती.

त्यानंतर बाबा आणखी दोनदा माथेरानला गेले. आता दवाखान्यात तो ठरावीक प्रश्न आला की मी खुर्ची वळवून शेजारी बसलेल्या आजोबांकडे किंवा आजींकडे पाहते आणि आधी त्यांना विचारते, "तुम्हाला कुठे जावंसं वाटतं?" मग नाडी पाहते.