आढ्यावरची पावडर

लाकूडकामाच्या कारखान्यात सुरक्षा तपासणीला गेलो की मालक आधी अग्निशामक नळकांडी दाखवतात, मग 'धूम्रपान निषिद्ध'ची पाटी. मी शिडी मागतो. जमीन रोज झाडली जाते. वर ट्रसच्या अँगलवर, केबल ट्रेवर, ट्यूबलाइटच्या पट्टीवर काय साचलंय ते खालून दिसत नाही. तिथे बोट फिरवलं की पिठासारखी मऊ, फिकट पावडर हाताला लागते. त्या शेडमधला सगळ्यात घातक माल तोच.

करवतीखालचा जाडा भुसा पेटतो, धुमसतो. स्फोट सहसा करत नाही. सँडरखालून निघणारी पावडर, त्यातही एमडीएफची, वेगळ्या जातीची. अर्ध्या मिलिमीटरहून बारीक कण हवेत तरंगला की त्याला चहूबाजूंनी ऑक्सिजन मिळतो. घनमीटरभर हवेत चाळीस-पन्नास ग्रॅम पावडर, बंदिस्त जागा आणि एक ठिणगी, एवढं जमलं की पुरे. हिशेब करून पाहा. १ मिलिमीटरचा थर म्हणजे चौरस मीटरला साधारण २५० ग्रॅम. तो ५ मीटर उंचीच्या शेडमध्ये उधळला तर प्रमाण नेमकं स्फोटापाशी पोचतं.

पहिला स्फोट बहुधा छोटाच असतो, धूळ ओढणाऱ्या यंत्राच्या पिशवीत नाहीतर पाइपात. त्याच्या हादऱ्याने आढ्यावरची सगळी पावडर खाली येते आणि मागून आलेली ज्वाळा तिला गाठते. छप्पर उडतं, माणसं होरपळतात, ती बहुतेक वेळा या दुसऱ्या स्फोटात.

कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात २०१२ साली हे दोनदा घडलं. २० जानेवारीला बर्न्स लेकची बॅबिन सॉ मिल, २३ एप्रिलला प्रिन्स जॉर्जची लेकलँड मिल. दोन्हीकडे दोन-दोन कामगार गेले, मिळून चाळीसेक जखमी झाले. त्या भागातले पाइन भुंगेऱ्यांनी पोखरून उभ्या उभ्या वाळले होते. असल्या कोरड्या लाकडाची धूळ जास्त बारीक पडते आणि चटकन पेटते. ठिणगीचं कारण मात्र अगदी किरकोळ निघालं: गिअर रिड्यूसरपाशी घासून तापलेले भाग. पहिल्या स्फोटानंतर तीन महिने हातात होते, तरी दुसरा टळला नाही.

आपल्या शेडमध्येही ठिणगीला वाटा कमी नाहीत. जुन्या लाकडात राहून गेलेला खिळा, ग्रीस संपलेलं बेअरिंग, अर्थिंग नसलेला पीव्हीसीचा पाइप, शेजारी चाललेलं वेल्डिंग. आणि सगळ्यात वाईट म्हणजे कॉम्प्रेसरची हवा मारून केलेली सफाई. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी वर्षभराची पावडर एअर गनने खाली उडवायची, यंत्रं चालूच ठेवायची, कोपऱ्यात कुणीतरी ग्राइंडर लावलेला असायचा, हा प्रकार मी बऱ्याच ठिकाणी पाहिला आहे. स्फोटाला लागणारं सगळं आपणच हाताने जुळवून देतो.

उपाय महागडे नाहीत. धूळ यंत्रापाशीच ओढून घ्या. पाइप धातूचे ठेवा, त्यांना अर्थिंग द्या. धूळ जमा करणारं यंत्र शक्यतो शेडबाहेर बसवा आणि स्फोटाचा दाब बाहेर जाईल अशी झडप त्याला असू द्या. वरची पावडर दर आठवड्याला ओल्या फडक्याने किंवा ज्वलनशील धुळीसाठीच बनवलेल्या व्हॅक्यूमने काढा. घरगुती व्हॅक्यूमची मोटर स्वतःच ठिणगी टाकते. भुशाचा ढीग धुमसत असेल तर त्यावर पाण्याचा जोरदार फवारा मारू नका, धूळ उडेल. हलकी तुषारधार धरा.

यात नवं काही नाही. ज्वलनशील धूळ बंदिस्त ठेवा, साचू देऊ नका, ठिणगी लांब ठेवा, हे १९४८च्या कारखाने कायद्याच्या कलम ३७मध्येच लिहिलं गेलं होतं. वाचकांपैकी कुणाचा लाकडाचा कारखाना असेल तर दिवाळीची सुट्टी संपवून यंत्रं सुरू करण्याआधी एकदा शिडी लावा. अँगलवर बोटाने रेघ उमटली, तर आधी तो साफ करा आणि मगच बटण दाबा.