माद्रिद-पॅरिसहून भाईंदरला

माद्रिद

सर्व्हान्तेसच्या ‘डॉन क्विक्झोट’ कादंबरीचा पहिला भाग १६०५ मध्ये माद्रिदला हुआन दे ला कुएस्ताच्या छापखान्यात छापला गेला, दुसरा १६१५ मध्ये. वीरकथा वाचून डोके फिरलेला वाळकुडा जमीनदार मरतुकड्या घोड्यावर बसून अन्याय निवारायला निघतो, मागे गाढवावर गोलमटोल सांचो पांझा. तेव्हा स्पेनच्या गादीवर तिसरा फेलिपे होता. १५८० ते १६४० पोर्तुगालही त्याच्याच घराण्याकडे असल्याने वसई प्रांत आणि त्यातले भाईंदर-उत्तनचे धारावी बेट सर्व्हान्तेसच्याच राजाच्या अमलाखाली होते. शाळेतल्या इतिहासात ही गंमत येत नाही. तिथे वसईचे पोर्तुगीज मुख्यतः १७३९ ला, चिमाजीअप्पांच्या वसई मोहिमेत भेटतात.

पॅरिस

हाच क्विक्झोट पुन्हा पुन्हा काढणारा व्यंगचित्रकार ओनोरे दोमिए (१८०८–१८७९) मूळचा मार्सेयचा. रयतेचा कर टोपल्या-टोपल्यांनी गिळणारा राजा लुई-फिलिप त्याने काढला आणि १८३२ मध्ये तुरुंगात गेला. पुढे ‘शारिव्हारी’ या पत्रासाठी त्याने दगडावर चित्रे काढून छापण्याचे काम वर्षानुवर्षे केले. त्याची शिळाछापे चार हजारांच्या घरात जातात. याच पत्राचे नाव लंडनच्या ‘पंच’ने १८४१ मध्ये उपनाव म्हणून घेतले, आणि ‘पंच’चे नाव ठाण्याच्या ‘हिंदुपंच’ पत्रापर्यंत पोहोचले.

डॉन क्विक्झोट मात्र दोमिएच्या पोटापाण्याचा विषय नव्हता. १८५०-५१ च्या सालाँ प्रदर्शनात त्याचे या विषयावरचे एक चित्र लागले. पुढची दोन दशके कोळसा, शाई आणि तैलरंगांत हीच जोडी पुन्हा पुन्हा आली. गुस्ताव्ह दोरेने १८६३ मध्ये कादंबरीचा प्रसंगन् प्रसंग तपशिलाने चितारला. दोमिएला प्रसंगांची फारशी गरज वाटली नाही. ओर्से संग्रहालयातल्या १८६७ च्या चित्रात पुढ्यात मेलेले खेचर पडले आहे आणि दोघे स्वार दूरवर, लहानसे. रेखाटनांत तर क्विक्झोट म्हणजे भाल्यासकट एक उभी रेघ, सांचो म्हणजे खाली दबलेला गोळा. म्युनिकच्या चित्रात क्विक्झोटला नाकडोळेही नाहीत. मंत्र्या-वकिलांची नाके वाढवून जन्मभर पोट भरलेल्या माणसाने हा चेहरा कोरा ठेवला, आणि स्वार ओळखू येतो तो केवळ बसण्याच्या ढबीवरून. व्यंगचित्रकाराची खरी ताकद इथे दिसते.

यातले बरेच काम चित्रशाळेतच राहिले. १८७८ मध्ये मित्रांनी द्युराँ-रुएलच्या दालनात त्याच्या कामाचे प्रदर्शन भरवले. व्हिक्टर ह्यूगो या प्रदर्शनाचे मानद अध्यक्ष होते. दोमिएची दृष्टी तोवर जवळजवळ गेली होती. पुढच्याच फेब्रुवारीत वाल्माँद्वा गावी तो वारला.