पोटदुखी आणि मधले पद

गृहपाठाची वेळ झाली की तुमच्या घरी कुणाचे पोट दुखते का? गेल्या वर्षी आमच्या रबाळ्याच्या घरात ते रोज संध्याकाळी दुखत असे. लेक आठवीत होती. गणिताची वही उघडताच ती पोट धरून बसे. डॉक्टरांनी तपासले, आजार काही निघाला नाही. तरीही तिचे दुखणे खरे होते, हे मला फार उशिरा उमगले.

वहीत वर्ग त्रिपदीचे अवयव होते: क्ष² + १०क्ष + २४. अशा दोन संख्या शोधायच्या, ज्यांचा गुणाकार २४ आणि बेरीज १०. ठाणे-बेलापूर रस्त्यापलीकडच्या औद्योगिक वसाहतीतून दमून आलेला मी तिच्या डोक्याशी उभा राहून म्हणे, "अगं, सोपे आहे, सांग पटकन!" ती अंदाजाने काही सांगे, मी "चूक" म्हणे. एका वेळी मनात धरता येतील अशा गोष्टी मोजक्याच असतात. तेथे धास्ती शिरली की आकड्यांना जागा उरत नाही.

एके दिवशी मी शेजारी बसलो आणि गप्प राहिलो. तिने २४ च्या जोड्या लिहून काढल्या: १ व २४, २ व १२, ३ व ८, ४ व ६. त्यांच्या बेरजा २५, १४, ११ आणि १०. एवढ्या चारच! मधले पद ४क्ष + ६क्ष असे फोडून तिने उत्तर लिहिले: (क्ष + ४)(क्ष + ६).

"बाबा, बरोबर आहे?"

"कंस गुणून बघ."

तिने गुणले, मूळ राशी जशीच्या तशी परत आली. पुढचे उदाहरण क्ष² + ५क्ष − २४ होते. तिने आधी −८ आणि ३ घेतले. गुणून पाहिल्यावर मधले पद −५क्ष आले. माझ्याकडे न पाहताच तिने चिन्हे बदलली: ८ आणि −३.

चूक तिचीच होती आणि दुरुस्तीही तिचीच. माझ्या निवाड्याची तिला गरज उरली नव्हती. पोटदुखी एका रात्रीत गेली नाही. काही आठवड्यांत ती विरळ होत गेली.

तुमच्या मुलाचे पोट वारंवार दुखत असेल, तर आधी डॉक्टरांना अवश्य दाखवा. त्यानंतर मात्र गृहपाठाच्या वेळचा आपला आवाजही एकदा ऐकून पाहा. मी माझा ऐकला नव्हता.