वानरांचा कळप आणि आलेखाचा कागद

चाळीसगावच्या माणसाला गणिताची धास्ती वाटावी, हे तसे नवलच. गावापासून अठरा-वीस किलोमीटरवर पाटणादेवीचे स्थान आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याची नोंद तेथील इ. स. १२०७ च्या शिलालेखात आहे. म्हणजे आमच्या या डोंगरांच्या पायथ्याशी आठशे वर्षांपूर्वी वर्गसमीकरणांचा अभ्यास चालत असला पाहिजे.

तरीही आमच्या घरात वर्गसमीकरण आले ते भीती घेऊनच. धाकट्या मुलीने दहावीच्या वर्षी सांगून टाकले, पुढे गणित घ्यायचे नाही. कारण विचारले तेव्हा म्हणाली, "पप्पा, एका प्रश्नाला दोन उत्तरे कशी असतील? सूत्र लावले की दोन आकडे येतात. पण ते कुठून आले, तेच कळत नाही." आम्हा दोघांनाही सूत्र पाठ होते, तिच्या शंकेचे उत्तर मात्र सूत्रात नव्हते.

मग एका रात्री रोझरी आटोपल्यावर भास्कराचार्यांच्याच बीजगणितातील एक उदाहरण आम्ही तिघांनी सोडवायला घेतले. कळपाच्या आठव्या हिश्श्याचा वर्ग केला तर जी संख्या येते, तेवढे वानर वनात खेळत आहेत. उरलेले बारा टेकडीवर आहेत. तर एकूण वानर किती? ही संख्या क्ष मानली, तर क्षच्या वर्गाला ६४ ने भागून त्यातून क्ष वजा करावा व १२ मिळवावेत. उत्तर शून्य यायला हवे. आलेख काढताना शून्याच्या जागी य लिहायचा आणि क्षच्या निरनिराळ्या किमतींना य किती येतो, ते पाहायचे.

क्ष ०, ८, १६, २४, ३२ घेतला तेव्हा य अनुक्रमे १२, ५, ०, उणे ३, उणे ४ आला. पुढे ४०, ४८, ५६, ६४ घेतले आणि मुलगी थबकली: उणे ३, ०, ५, १२! तेच आकडे उलट पावली परत येत होते. बत्तीसच्या उभ्या रेषेवर कागद दुमडला असता, तर दोन्ही बाजू एकमेकींवर तंतोतंत बसल्या असत्या. हे बिंदू पट्टीने जोडायचे नसतात. मनगट सैल ठेवून हातानेच वळण द्यावे लागते, तळाशी टोक न येता गोलाई यावी लागते. या वक्राला अन्वस्त म्हणतात. तो आडव्या अक्षाला १६ पाशी उतरताना आणि ४८ पाशी चढताना छेदून गेला. "म्हणून दोन!" ती म्हणाली. ताळा पाहिला: चार आणि बारा सोळा, छत्तीस आणि बारा अठ्ठेचाळीस. दोन्ही उत्तरे खरी.

समीकरणाला असे रूप देण्याची रीत युरोपात रुजली ती रेने देकार्तच्या १६३७ मधील भूमितीच्या ग्रंथामुळे. देकार्तचे शिक्षण ला फ्लेश येथील येशूसंघीयांच्या विद्यालयात झाले होते. भास्कराचार्यांचा प्रश्न आणि येशूसंघीयांच्या विद्यार्थ्याची रीत आमच्या जेवणाच्या टेबलावर एकत्र आली, याचे आम्हाला मोठे अप्रूप वाटले.

खरा धडा मात्र दुसऱ्या उदाहरणाने दिला. कळपाच्या पाचव्या हिश्श्यातून तीन वजा करून वर्ग केला, तेवढे वानर गुहेत गेले. एक फांदीवर दिसतो. येथे उत्तरे येतात ५० आणि ५. पण पाचाचा पाचवा हिस्सा एक. एका वानरातून तीन वानर कसे वजा करणार? भास्कराचार्यांनी ५ हे उत्तर सोडून दिले. आलेख दोन्ही बिंदू सारख्याच ठळकपणे दाखवतो. त्यांतला कोणता स्वीकारायचा, हे वानरांकडे पाहूनच ठरवावे लागते.

मुलांपुढे आज अनेक वाटा आहेत आणि कागदावर त्या सगळ्याच बरोबर दिसतात. कोणती वाट आपल्या जगण्याशी जुळते, ते पारखण्याचा विवेक परमेश्वराने दिलेला आहे. तो सूत्राने येत नाही, सवयीने येतो. अकरावीला गणित घ्यायचे की नाही, हे मुलीने अजून ठरवलेले नाही आणि आम्हीही आग्रह धरलेला नाही. आता ती जे ठरवील, ते भीतीपोटी नसेल, एवढे समाधान आम्हाला पुरेसे आहे.